घोडनदीकाठचे गाव : प्रस्तावना

खेड्याचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याची पहिली अडचण अशी की, ज्यांना आपण इतिहासाची साधने म्हणतो ती बहुतेक राजधानीत, किल्ल्यावर किंवा सरदाराच्या वाड्यात निर्माण झालेली असतात, आणि त्यांत खेड्याचे नाव आलेच तर ते वसुलाच्या तेरजेत, फौजेच्या मुक्कामात किंवा वतनाच्या एखाद्या पिढीजात तंट्यात तेवढे येते. या अडचणीवर आमच्या ग्रामवृत्तांतकारांनी एक सोपा तोडगा काढून ठेवला आहे. वनवासातील श्रीरामचंद्रांना गावच्या ओढ्यावर विसावा घ्यावयास लावावे, पांडवांकडून एका रात्रीत देऊळ बांधवून घ्यावे, तेथून एकदम शिवकालात उतरून गावच्या पाटलाच्या हाती तलवार द्यावी, आणि अखेरीस पंचायतीच्या नूतन इमारतीपाशी येऊन लेखणी खाली ठेवावी. कोणाच्या श्रद्धेचा उपमर्द करण्याचा येथे हेतू नाही. परंतु अशा वृत्तांतात गावची जमीन कोणत्या प्रतीची, पाऊस कोणत्या नक्षत्राचा, विहिरीला पाणी किती परसांवर, धान्य कोठे साठवीत आणि त्या कोठीची किल्ली कोणाच्या कमरेला असे, यांचा मागमूसही लागत नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहून खेड्याकडे पाहण्याची जी दृष्टी दिली ती पाटील, कुलकर्णी, बलुते आणि हक्क यांच्या हिशेबी दृष्टीची होती, आणि ती एका शतकानंतरही शिळी झालेली नाही. तथापि आत्रे यांचा गाडा चालू लागण्याच्या कितीतरी आधीपासून गाव होते, आणि त्या गावाचे दप्तर कागदाचे नसून मातीचे होते.

असे मातीचे दप्तर सुदैवाने सविस्तर उलगडले गेले आहे ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव या लहानशा गावच्या शिवारात. पुढील प्रकरणे याच गावाविषयी आहेत. हे गाव निवडण्याचे कारण त्याची प्रसिद्धी नव्हे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांत त्याचा लौकिक मोठा असला, तरी सामान्य मराठी वाचकाला त्याचे नाव क्वचितच ठाऊक असते. कारण एवढेच की, देशावरच्या खेड्याचे दैव राजाच्या हाती नसून पाऊस आणि धान्याची कोठी या दोहोंच्या हाती असते, हे जे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे, त्याची तीन-साडेतीन हजार वर्षे मागे जाणारी साक्ष इतक्या नीट रीतीने देणारे दुसरे गाव महाराष्ट्रात मिळणे कठीण.

प्रथम भूगोल. घोडनदी भीमाशंकराच्या उत्तरेस सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते, पूर्वेकडे उतरताना मीना आणि कुकडी यांचे पाणी पोटात घेते, आणि शिरूर मागे टाकून आग्नेयेकडे भीमेला मिळावयास जाते. या प्रवाहाचा उगम आणि इनामगाव यांच्यामधले अंतर बैलगाडीच्या काही मजलांचे असले तरी पावसाच्या हिशेबाने ते दोन निरनिराळ्या देशांमधले अंतर आहे. घाटमाथ्यावर वर्षाकाठी कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर शिरूरच्या पूर्वेस तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि वाईट वर्षी त्याच्याही पुष्कळ खाली राहतो. मृगाच्या ढगांनी आशा लावावी, श्रावणात नुसत्या सरी याव्यात, आणि खरा भरवसा हस्ताच्या पावसावर ठेवून शेतकऱ्याने रब्बीची तिफण जुंपावी, असा हा मुलूख. जमीन सारखी नाही. नदीलगत गाळाची मळई, तिच्या वर खोल काळे रान, आणि त्याच्याही वर मुरमाड माळ, जेथे कुसळी गवत आणि बोरी-बाभळी यांपलीकडे काही टिकत नाही. तेव्हा गाव वसवणाऱ्याने नदीचा काठ धरावा हे ओघानेच आले, आणि पुराला भ्यावे हेही ओघानेच आले. इनामगाव नदीच्या उजव्या तीरावर आहे. पलीकडे श्रीगोंदे तालुका लागतो, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर व आताचा अहिल्यानगर जिल्हा. नदीने येथे दोन जिल्हे वेगळे केले असले तरी सोयरिकी आणि बाजार वेगळे केलेले नाहीत.

या खोऱ्याची माती फार जुन्या गोष्टी सांगते. कुकडीकाठी बोरी येथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असल्याचे पुष्कळ अभ्यासक मानतात, जरी तिच्या वयाविषयी विद्वानांत वाद झालेले आहेत. ज्या मुलखात स्वतःचा ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड होऊन त्याचा बेसाल्ट म्हणजे आपला काळा पत्थर झाला, तेथे समुद्रापलीकडची राख वाऱ्याबरोबर येऊन पडावी, हा निसर्गाचा एक विनोदच म्हणावयाचा. त्याच कुकडीने निघोजजवळ त्या काळ्या पत्थरात रांजणखळगे कोरले आहेत, आणि पावसाळ्यानंतर ते पाहावयास माणसांची रीघ लागते. इनामगावच्या टेकाडांना मात्र अशी रीघ कधी लागली नाही, कारण पाहणाऱ्याला तेथे पांढुरक्या मातीच्या चढउतारांखेरीज काहीच दिसत नाही.

या पांढुरक्या मातीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. चुलीची राख, शेणामुताचा अंश, पडक्या भिंतींची माती आणि हाडे-खापरे एकत्र कुजून जी पांढरी होते, ती शेताला उत्तम खत म्हणून आणि धाब्यावर घालावयास उत्तम माती म्हणून आमचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून नेत आले. ओस गावांची कितीतरी टेकाडे या रीतीने ज्वारीच्या पिकात जाऊन मिसळली. शेतकऱ्याला दोष देणे व्यर्थ. त्याने पूर्वजांचे घर पुन्हा पूर्वजांच्याच रानाला घातले. परंतु जी टेकाडे वाचली त्यांचे मोल त्यामुळे वाढले, आणि इनामगावची टेकाडे अशा वाचलेल्यांपैकी होत.

डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख धीरजलाल सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि मधुकर केशव ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८ पासून १९८३ पर्यंत हंगामागून हंगाम येथे उत्खनन चालले. सांकळियांनी याआधी संगमनेरजवळ जोर्वे येथे आणि प्रवरेकाठी नेवासे येथे खोदकाम केलेले होते, आणि जोर्वे या खेड्याचेच नाव त्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळाले होते. पण तोवरचे बहुतेक उत्खनन म्हणजे कोणत्या थरात कोणते खापर मिळते हे पाहण्यासाठी घेतलेले उभे खड्डे. इनामगावी उद्देश बदलला. टेकाडाचे एक अंग आडवे, विस्ताराने उघडावयाचे, घराला घर लावून आळी दिसेल इतके उघडावयाचे, असा संकल्प करण्यात आला, आणि त्यातून शंभराहून अधिक घरे उजेडात आली. राजे-रजवाड्यांच्या इतिहासात शंभर घरे ही एक ओळही होत नाही. खेड्याच्या इतिहासात हा संपूर्ण गावठाणाचा नकाशा होय.

वस्तीचे तीन कालखंड अभ्यासकांनी ठरविले आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे संस्कृतीचा आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे संस्कृतीचा. प्रारंभीची घरे मोठी, आयताकार, कुडाच्या भिंतींची व गवताने शाकारलेली, आत आडभिंत घालून दोन दालने केलेली. जमीन चोपून सारवलेली, एका अंगाला चूल, आणि जमिनीतच खणलेले धान्याचे पेव. ज्याने पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे देशावरचे गरिबाचे घर पाहिले आहे त्याला या वर्णनात अपरिचित असे फारसे काही वाटणार नाही. पूर्व जोर्वे काळात गावाला आकार येतो; घरे एका दिशेने तोंड करून ओळीने उभी राहतात आणि दोन घरांमध्ये बोळ सुटतो. कारागिरांची वस्ती गावाच्या पश्चिमेच्या कडेला होती. कुंभाराची भट्टी, सोनाराचे काम, चुनखडी भाजून चुना करणाऱ्याची जागा, हस्तिदंतावर काम करणारा, असे वेगवेगळे कसबी तेथे ओळखता आले आहेत. यावरून बलुत्याची पद्धती त्या काळी होती असे म्हणणे हा उतावीळपणा होईल, आणि काही उत्साही लेखकांनी तो केलाही आहे. परंतु धूर, राख आणि गलका ज्या धंद्यांत आहे त्यांची वस्ती गावाच्या कडेला असावी ही व्यवस्था पाहून आजचा खेडूत मान डोलावील, एवढे खरे.

आता ज्या दोन गोष्टींसाठी हे सारे लिहिले त्यांकडे वळू. गावाच्या मध्यभागी पाच दालनांचे एक घर सापडले, वस्तीतील मोठ्यांत मोठ्या घरांपैकी एक, आणि त्याला लागून धान्याची कोठी. कोठीत पेवे आहेत आणि कणगी ठेवण्यासाठी केलेले मातीचे वाटोळे ओटे आहेत. एका घराच्या पोटाला लागणार नाही एवढे धान्य तेथे राहत असले पाहिजे, आणि म्हणून ते घर वस्तीच्या प्रमुखाचे व ते धान्य गावाकडून सारा म्हणून आलेले, असे ढवळीकरांचे अनुमान आहे. या प्रमुखाला ‘पाटील’ म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. पाटीलकी हे सनद, शिक्का, मानपान आणि हक्कलवाजमा यांनी बांधलेले वतन आहे. या माणसाजवळ त्यांतले काहीच नव्हते, धान्य तेवढे होते. तरीही गावची गंगाजळी कोणाच्या तरी अंगणात असते, आणि अवर्षणाच्या साली त्या अंगणाकडे गाव पाहते, ही स्थिती सनदेच्या फार आधीची आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. पुराचे पाणी वळवून घेणारा एक पाट आणि त्याच्या काठाने दगडमातीचा बांध वस्तीच्या कडेला आढळला. जव, म्हणजे आपण सातू म्हणतो ते, या लोकांचे मुख्य धान्य होते. त्याला गव्हाहून कमी पाणी पुरते, आणि कमी पावसाच्या मुलखात ते का पेरीत याचे निराळे स्पष्टीकरण नको; पण गहू, वाटाणा आणि डाळीही सापडल्या आहेत, आणि रब्बीचे हे पीक एखाद-दुसऱ्या भिजवणीवाचून पदरात पडत नाही. एका माणसाने किंवा एका घराने असा पाट खणून होत नाही. कोणी तरी सांगितले असेल, पुष्कळांनी खांदून दिले असेल, आणि गाळ काढण्याच्या दिवशी कोण आला नाही याची चर्चाही झाली असेल. आज त्याच नदीवर चिंचणी येथे धरण आहे, कालव्याच्या पाण्यावर या भागात ऊस उभा राहतो, आणि पाळीपाळीने पाणी सोडण्यावरून तंटे होतात; जवाचा दाणा मात्र या शिवारात हुडकूनही सापडावयाचा नाही.

त्या जुन्या वस्तीतील लोकांच्या थाळीविषयी इतिहासकारांनी मौन पाळण्याचे कारण नाही. गाय-बैल, म्हैस, शेळ्या-मेंढ्या यांबरोबर सांबर, चितळ, काळवीट, ससा, आणि नदीतील मासे, कासव, खेकडे, इतकेच नव्हे तर सुसरीची हाडेदेखील उकिरड्यांत मिळाली. बोर, जांभूळ, आवळा ही फळेही होती. पाळीव गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. हे वाचून ज्यांच्या कपाळाला आठी पडेल त्यांनी ती पडू द्यावी. उकिरड्याने खोटी साक्ष दिल्याचे उदाहरण नाही.

मृतांना हे लोक घराबाहेर घालवीत नसत. अंगणात किंवा घराच्या भुईखालीच खड्डा घेऊन पुरीत. मोठ्या माणसाचे डोके उत्तरेस, आणि पुष्कळांचे पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेल्याने उठून जाऊ नये म्हणून असे करीत, हा तर्क सांगितला जातो, आणि तो बरा वाटतो. पण तो तर्कच. लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत ठेवीत. या सर्वांहून निराळा एक पुरुष आहे. त्या पाच दालनांच्या घराच्या अंगणात कच्च्या मातीच्या चार पायांच्या एका मोठ्या रांजणात तो मांडी घालून बसविलेला आढळला, आणि त्याचे पाय तोडलेले नव्हते. त्याच्याबरोबर ठेवलेल्या भांड्यावर लांब वल्ह्यांच्या नावेचे चित्र आहे. ज्या नदीत उन्हाळ्यात गुडघाभर पाणी राहत असेल तिच्या काठच्या माणसाला मृत्यूनंतर नाव कशाला, हा प्रश्न पुढे एका स्वतंत्र प्रकरणात घेतला आहे. दुसऱ्या एका घराच्या भुईत मातीची झाकण लावलेली पेटी निघाली. आत स्त्रीची एक मूर्ती, आणि झाकणावर दुसरी, बिनडोक्याची, तिच्याजवळ मातीचा बैल. बैलाच्या पाठीला आणि त्या मूर्तीच्या पोटाला भोके आहेत. त्यांत काटकी घातली म्हणजे देवी बैलावर स्वार होते. मूर्ती कच्च्या मातीची आहे, म्हणजे काम झाल्यावर मोडून जावी अशाच बेताने केलेली. भाद्रपदात पार्थिव मूर्ती करून तिचे विसर्जन करणाऱ्या आमच्या घरांना हे वर्णन ओळखीचे वाटले तर नवल नाही, परंतु त्या ओळखीवरून तीन हजार वर्षांची अखंड परंपरा सिद्ध करण्याची घाई करू नये.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास या गावाचे दिवस फिरले. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान वाटोळ्या झोपड्या आल्या, तीन-चारांचे पुंजके करून बांधलेल्या. खापरांची घडण बिघडली. गुरे कमी होऊन शेळ्या-मेंढ्या व शिकार वाढली. हवामान कोरडे झाले आणि शेती हटली, असे ढवळीकरांनी मांडले. पुढे इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास वस्ती उठली. येथे एक योगायोग नमूद करावासा वाटतो. उत्खननाच्या याच वर्षांत महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ कोसळला, शिरूर हा नेहमीचाच अवर्षणाचा तालुका, आणि खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा सडकेसडकेला लागल्या होत्या. खड्ड्यात उतरणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेवर खड्ड्याबाहेरच्या वर्षाचा काहीच परिणाम झाला नाही असे मानणे कठीण. तथापि परिणाम झाला म्हणून अनुमान चुकते असेही नाही.

यानंतर शिवारावर फार मोठे मौन पडते. सातवाहन आले, कुकडीच्या वरच्या अंगाला जुन्नर भरभराटले, नाणेघाटातून बैलांचे तांडे कोकणात उतरले. यादव, बहमनी, निजामशाही यांची निशाणे फिरली. या साऱ्यांचा तपशील अन्यत्र विपुल आहे, म्हणून येथे तो गाळला आहे. मलिक अंबराच्या धाऱ्यापासून मात्र जमिनीला पुन्हा वाचा फुटते, आणि पुढे पेशवे दप्तरात ती इतकी बोलकी होते की, वाचणारा थकावा. झाडा, ताळेबंद, कौल, कतबा, सूट-तहकुबी, नांगरटीची पाहणी, पडीत-लागण. यांत प्रत्येक साली पाऊस कसा झाला हे वसुलाच्या आडून कळते, कारण मामलेदाराला सूट मागावयाची असली म्हणजे आकाशाचे वर्णन मोठ्या तपशिलाने करावे लागते. इनाम गावांच्या बाबतीत वसूल इनामदाराच्या घरी जाई, त्यामुळे सरकारी दप्तर तेथे तोंड मिटते, आणि १८५२ च्या कायद्याने बसलेल्या इनाम कमिशनच्या चौकशीतच अनेक गावांची कैफियत प्रथम नोंदली गेली.

इंग्रजी अमलातील जमाबंदीची सुरुवात पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांच्या १८२८ नंतरच्या पाहणीने झाली, आणि ती पाहणी फसली. धारा इतका चढला की, जमिनी पडीत पडल्या. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापुरात नवी मोजणी घातली तेव्हा जमिनीच्या खोलीवर आणि मगदुरावर आणेवारी ठरू लागली, आणि तीस वर्षांचा बंदोबस्त झाला. सारा हलका झाला, जमिनीला किंमत आली, आणि किंमत आली म्हणून ती गहाण पडू लागली. शिरूर तालुक्यातीलच करडे गावी १८७४ च्या डिसेंबरात एका सावकाराने देशमुखांवर हुकूमनामा बजावला, त्यावरून गावाने सावकारावर बहिष्कार घातला, आणि ती ठिणगी पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्यास भडकली. जाळले काय, तर खतपत्रे. त्या काळच्या शेतकऱ्याच्या मते गावाचा इतिहास कोणत्या कागदांत होता, हे यावरून समजण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी १८७६-७७ चा दुष्काळ आला.

ग्रंथाच्या रचनेविषयी थोडेसे. माळवा आणि जोर्वे काळाला निम्म्याहून अधिक पाने दिली आहेत आणि शिवकाल-पेशवाईला त्या मानाने थोडी. यावर आक्षेप येईल, पण ज्या काळाविषयी मराठीत शंभर ग्रंथ आहेत त्याला एकशे एकावा देण्यात स्वारस्य वाटले नाही. शिरूरच्या इंग्रजी छावणीचे प्रकरण लहान असले तरी गाळवेना, कारण १८०९ साली तेथे वारलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याला भोवतालच्या लोकांनी ‘सत्पुरुष’ म्हणून पुजावयास घेतले, ही गोष्ट इतिहासापेक्षा या मुलखाच्या स्वभावाची म्हणून सांगितलीच पाहिजे.

सर्वांत लांबलेले प्रकरण उत्तर जोर्वे काळाचे आहे, आणि त्याचे कारण सांगून थांबतो. त्या काळातील लहान मुलांच्या अस्थींचा अलीकडे जो अभ्यास झाला त्यात त्यांची वाढ खुंटलेली आढळते, म्हणजे उपासमारीच्या बाजूने पुरावा बलवत्तर आहे. परंतु वाटोळी झोपडी आणि मेंढरांचा कळप दिसला की तेथे अवनती झाली, असे जे गृहीत धरले जाते ते प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. पावसाळा संपला म्हणजे कळप घेऊन कोकणात उतरणारा आणि पावसाच्या तोंडाला पुन्हा देशावर चढणारा धनगर हा हरलेला शेतकरी नव्हे. त्याचे वर्षाचे गणित निराळे असते, आणि ज्या वाड्याला, म्हणजे धनगरांच्या तांड्याला, जो मुक्काम ठरला तेथे शेतकरी त्याच्या मेंढ्या रानात बसवून घेण्यासाठी धान्य मोजतो. उत्तर जोर्वेच्या माणसांनी गाव सोडले, की वर्षातले काही महिने सोडता सोडता अखेर ते विसरले, याचा निर्णय झोपड्यांच्या जमिनीतील थर, चुलींची राख आणि हाडांवरून कळणारा जनावरांच्या मरणाचा हंगाम यांवरून करावा लागेल, आणि तसा तो करण्याचा प्रयत्न सातव्या प्रकरणात केला आहे.